भाऊसाहेब आडवे पडले तेव्हा

...नाही, स्वागत करावं, स्वागताबद्दल माझी काहीच तक्रार नाही, पण तुम्हाला सांगतो, माणूस दारात उभा राहून म्हणतोय की अहो, जरा बघा, माझ्याकडे जीव चाललाय एकाचा, आणि तुम्ही त्याला म्हणताय 'या, बसा', मग दुसरा येतो, 'या, बसा', मग तिसरा, आणि मग आतून कोणीतरी विचारतं की 'बसा' म्हणायचा अधिकार तुम्हाला दिला कोणी, आणि त्यावर सगळं घर भांडत बसतं, आणि तो बिचारा आपला दारातच. तसं झालं माझं. मी एक साधा प्रश्न विचारायला गेलो होतो. एकच. आणि इकडे भाऊसाहेब आडवे.

भाऊसाहेब कोण ते सांगतो. भाऊसाहेब म्हणजे आमच्या हिच्या टाकीतला मासा. पिवळं अंग, त्यावर रुंद काळे पट्टे, तोंडाशी बारीक मिशा, आणि एकूण चेहरा असा की आत्ताच कुणाची तरी बदली करून आलाय. म्हणून हिनं नाव ठेवलं भाऊसाहेब. आता मला सांगा, लग्नाला इतकी वर्षं झाली, या घरात मला कधी कुणी साहेब म्हणालं? मला आपलं 'अहो', आणि ते पण बहुतेक वेळा 'अहो, पाय पुसून या'. माशाला साहेब. असो, माझं काही म्हणणं नाही.

टाकी आली ती लेकीच्या लग्नानंतर. लेक गेली, तिची खोली रिकामी झाली, ही दोन दिवस त्या खोलीत नुसती झाडू मारत राहिली, म्हणजे कचरा नाही काही नाही, आपली झाडतेय, आणि मग एके दिवशी लेकीच्या टेबलावर टाकी. तेव्हापासून रोज दुपारी ही त्या टाकीपाशी. मी खाली दुकानात. माझं दुकान चष्म्यांचं, दिवसभर लोकांना समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावायची, 'हे दिसतंय? आता हे? आधीचं बरं की हे बरं?' आणि वरून कधीतरी हिचा आवाज यायचा, हळू, एकसारखा, माशाशी बोलतेय. काय बोलायची? मी कधी विचारलं नाही. पूर्वी लेकीशी बोलायची त्याच आवाजात बोलायची, एवढं मात्र कळायचं.

तर ही गेली लेकीकडे, बाळंतपणाला. जाताना सगळं सांगून झालं, गॅस बंद करा, दूध वर ठेवा, आणि दारातून परत फिरून म्हणाली, 'आणि एक करा, टाकीकडे बघा.' मी म्हटलं, बघा म्हणजे? 'बघा म्हणजे बघा.' आता माझा धंदाच डोळ्यांचा. म्हटलं बघतो.

आणि बघायला गेलो तर काच मला जरा धुरकट वाटली. आता धुरकट काच मला बघवते का? मी बाह्या सरसावल्या, टाकीतलं सगळं सामान काढलं, आत कलती ठेवलेली मातीची कुंडी काढली, दगड काढले, काच अशी लख्ख केली की टाकीला काच आहे की नाही कळेना, आणि सगळं परत होतं तसं ठेवलं. म्हणजे मला वाटलं होतं तसं ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून वर येतो तर... भाऊसाहेब आडवे.

आडवे म्हणजे वाळूवर, कुशीवर, एक डोळा वर छताकडे. कल्ले हलत होते का? हलत होते हो, पण अगदी मंद, मनात नसताना कोणीतरी पंखा हलवावा तसे. मी काचेवर टिचकी मारली. काही नाही. 'भाऊसाहेब' म्हणून हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्याशी बोललो, आणि त्याने लक्ष दिलं नाही.

मग हिला फोन का नाही केला, असं तुम्ही म्हणणार. अहो, कसा करू? हिचा स्वभाव मला ठाऊक आहे. मासा आडवा पडला ऐकलं की ही पिशवी भरून मिळेल त्या गाडीत बसणार, आणि तिकडे लेक अवघडलेली, आज की उद्या अशी. लेकीला आत्ता आई हवी. आणि समजा नाही आली, तर तिकडे बसून रडणार, आणि तिला बघून लेक रडणार. आणि खरं सांगू? मला त्याच्यापुढची भीती वाटत होती. ही परत आली आणि टाकी रिकामी असली, तर ही दुपारी बोलणार कोणाशी? माझ्याशी बोलेल असं काही मला वाटेना.

तेवढ्यात मला टाकीच्या कडेला एक चिकटवलेला कागद दिसला. घरी मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपचं नाव, आणि खाली 'अडचण असल्यास विचारा'. म्हटलं, देव पावला. फोन काढला, चष्मा लावला, ग्रुपात शिरलो. पहिल्याच पानावर एक चौकोन, मी म्हटलं हाच तो अडचणीचा चौकोन, त्यात लिहिलं 'मासा आडवा पडलाय' आणि दाबलं. आणि तो चौकोन निघाला नावाचा. या ग्रुपात कोणी खरं नाव लावत नाही, प्रत्येकाने आपलं एक पाण्यातलं नाव घ्यायचं असतं. झालं. माझं नाव पडलं 'मासा आडवा पडलाय'.

आणि मग सुरू झालं. 'मासा आडवा पडलाय, तुमचं मनापासून स्वागत.' 'ग्रुपमध्ये स्वागत, मासा आडवा पडलाय.' 'वा, काय वेगळं नाव आहे.' अरे नाव नाही रे बाबा ते, बातमी आहे. पण मी उत्तर लिहायला जातो तर लिहिताच येईना. का? तर मी पिशवीत होतो.

पिशवी म्हणजे काय, ते नीट ऐका, कारण हे फक्त मासेवाल्यांच्याच डोक्यात येऊ शकतं. नवा मासा दुकानातून आणला की तो लगेच टाकीत सोडत नाहीत. ज्या पिशवीतून आणला ती पिशवी तशीच बांधलेली टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवायची, आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारखं होऊ द्यायचं, मग हळूच सोडायचं. नाहीतर मासा दचकून मरतो. बरोबर आहे, माशाला बरोबर आहे. पण या लोकांनी तोच नियम माणसाला लावला. नवा सभासद आला की त्याला एका छोट्या वेगळ्या खोलीत टाकायचं, तिचं नाव पिशवी. तिथून बाहेरची मोठी टाकी दिसते, सगळ्यांचं बोलणं वाचता येतं, पण तिथं बोलता येत नाही, आपलं लिहिलेलं फक्त पिशवीतल्यांना आणि पिशवी सोडणाऱ्याला दिसतं. सवय होऊ द्यायची म्हणे. मी पिशवीत तरंगतोय, बाहेर मंडळी माझ्या नावाने स्वागत करतायत... आणि इकडे भाऊसाहेब आडवे.

पिशवीतून बाहेर काढायचा अधिकार एका बाईंचा. त्यांचं पाण्यातलं नाव 'निळी शेपटी'. आणि त्यांची भाषा, तुम्हाला सांगतो, सरकारी पत्र बरं. 'नवीन सभासदाने प्रथम स्वतःची ओळख द्यावी. टाकीचे माप, पाण्याचे तापमान, मासा कधी व कोठून आला, ही माहिती दिल्याशिवाय कोणताही प्रश्न विचारू नये.' मी पिशवीतून लिहिलं, बाई, प्रश्न माझ्या नावातच आहे हो. त्यावर त्यांचं उत्तर, 'नावात प्रश्न विचारणे नियमात बसत नाही.'

एवढ्यात बाहेर कोणीतरी मला गुलाबाचं चित्र पाठवलं, स्वागत म्हणून. की लगेच दुसरा, 'हा ग्रुप माशांचा आहे, फुलांचा नाही.' गुलाब पाठवणाऱ्या होत्या एक शिक्षिका, पाण्यातलं नाव 'गोगलगाय', भल्या बाई, पण त्यांचं असं की त्या प्रत्येक गोष्टीला तासाभराने उत्तर देतात. तासाभराने म्हणाल्या, 'क्षमस्व, मग कमळ चालेल का?' आता कमळावर दोन तट पडले. एक तट म्हणतो, कमळ चालेल, पाण्यातलं आहे. दुसरा म्हणतो, पाण्यातलं असलं तरी फूल ते फूलच, आज कमळ आलं की उद्या कोणीतरी गजरे पाठवेल. मग कोणीतरी नुसता अंगठा दाखवला, त्यावर तिसराच चिडला की अंगठा दाखवणं हा अपमान आहे, आणि एक सद्गृहस्थ आहेत, पाण्यातलं नाव 'फिल्टरबुवा', त्यांना कशाचंच काही नाही, ते प्रत्येक भांडणात मधे येऊन एकच सांगतात, 'फिल्टर बघा.' कमळ चालेल का? फिल्टर बघा. अंगठा अपमान आहे का? फिल्टर बघा. मी उठून फिल्टर बघून पण आलो. छान चालला होता, बुडबुडे सोडत, गुणगुणत... आणि त्याच्या खाली भाऊसाहेब आडवे.

पण एक गंमत सांगू? पिशवीत मी एकटा नव्हतो. आत आणखी एक बाई होत्या, पाण्यातलं नाव 'नुसतं पाणी'. मी रागारागाने काहीतरी लिहिलं, त्यावर त्यांचं हळूच आलं, 'बाहेर नेहमी असंच असतं. इथं शांत असतं.' मी विचारलं, तुम्ही कधीपासून आहात? म्हणाल्या, 'खूप दिवस. मला बाहेर काढायचं राहून गेलं असेल, आणि मी आठवण करून दिली नाही.' मी म्हटलं, अहो, मग तुमच्या माशांचं काय? म्हणाल्या, 'माझ्याकडे मासे नाहीत. मी दवाखान्यात नर्स आहे. ड्यूटी संपवून घरी येते, लोकांच्या टाक्यांचे फोटो बघत पडते, बघता बघता झोप लागते.' मासे नसलेली बाई मासेवाल्यांच्या पिशवीत तरंगतेय, आणि कोणाला त्रास नाही. मी म्हटलं, माझा मासा आडवा पडलाय. म्हणाल्या, 'माहीत आहे. तुमचं नावच आहे ना ते.' तुम्हाला सांगतो, दिवसभरात हे पहिलं माणूस ज्याने माझं नाव वाचलं.

म्हणाल्या, 'मला माशातलं कळत नाही. पण आमच्याकडे पेशंट असा पडला आणि काहीच करण्यासारखं नसलं की आम्ही खोलीतला उजेड कमी करतो आणि जवळ बसतो. तुम्ही बसा.' म्हणून मी पडदा ओढला आणि लेकीच्या खुर्चीत बसलो.

आणि मग... आता हे कसं सांगू तुम्हाला. खोलीत हिरवट अंधार झाला. टाकीतला दिवा तेवढा चालू, पाणी हलतंय, आणि त्याचा उजेड छतावर हलतोय, भिंतीवर, कपाटावर, माझ्या हातावर. मी इतक्या वर्षांत दुपारी या खोलीत कधी बसलो नव्हतो. छतावरचा तो उजेड लेकीच्या जुन्या वह्यांच्या कप्प्यावरून सरकत सरकत दारापर्यंत जायचा आणि परत यायचा. फिल्टर गुणगुणतोय. खालून रस्त्यावरचा आवाज येतोय, पण असा की कोणीतरी गादीखाली ठेवलाय. मला वाटलं, मीच आत आहे. मी, खुर्ची, टेबल, सगळं पाण्यात, आणि काचेबाहेर कोणीतरी मोठ्ठं तोंड करून बघतंय आणि विचारतंय, हे दिसतंय? आता हे? आधीचं बरं की हे बरं? आणि हातातल्या फोनमध्ये एकेक बुडबुडा वर येतोय, कमळ, अंगठा, फिल्टर बघा, आणि वर येऊन फुटतोय. मला राग यायला हवा होता. येईना. नुसतं बरं वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्याची मला लाज वाटत होती, कारण समोर भाऊसाहेब आडवे.

आणि त्या तंद्रीत मी ओळख लिहायला घेतली. म्हटलं, बाईंना ओळख हवीये ना, घ्या ओळख. टाकीचं माप मला माहीत नाही. पाण्याचं तापमान मला माहीत नाही. मासा माझा नाही, बायकोचा आहे. लेकीचं लग्न झालं तेव्हापासून ती दुपारी त्याच्याशी बोलते. मी खाली असतो. मला ऐकू येतं, शब्द कळत नाहीत. ती आता लेकीकडे बाळंतपणाला गेलीये आणि जाताना मला म्हणाली टाकीकडे बघा, आणि मी काच पुसली. माझं चष्म्यांचं दुकान आहे, मला काच दिसते, काचेपलीकडचं उशिरा दिसतं. तिला फोन करवत नाही, ती घाबरेल, लेकीला सोडून येईल. याला काही झालं तर ती माझ्यावर रागावणार नाही, हे मला माहीत आहे. रागावली असती तर चाललं असतं. ती गप्प होईल. म्हणून विचारतो, काय करू? आणि दिलं पाठवून. तंद्रीतच.

बाहेर अजून कमळ चाललं होतं. आणि मग दिसलं, 'निळी शेपटी लिहीत आहे...' मग थांबलं. मग परत, 'निळी शेपटी लिहीत आहे...' परत थांबलं. म्हटलं आता येणार, माप दिलं नाही म्हणून हाकलणार. परत लिहीत आहे. परत थांबलं. आणि फोन वाजला. आमच्या हिचा.

मी घसा साफ केला, आवाज अगदी नेहमीचा काढला, म्हटलं, 'काय गं, पोरगी बरी आहे ना?'

'पोरगी बरी आहे. झोपलीये.' आणि मग, 'तो पण झोपलाय.'

'कोण?'

'भाऊसाहेब. अहो, तो दुपारी तसाच झोपतो, कुशीवर. रोज झोपतो. पहिल्यांदा मी पण घाबरले होते.'

मी म्हटलं, 'तुला कोणी सांगितलं?'

'एरवी कुंडीच्या आत झोपतो म्हणून दिसत नाही कोणाला. तुम्ही कुंडी परत ठेवताना तिचं तोंड भिंतीकडे केलंत ना? बघा जरा.'

मी बघितलं. कुंडीचं तोंड भिंतीकडे. म्हणजे भाऊसाहेब आजारी वगैरे काही नाहीत, त्यांची बेडरूम मी बाहेरून बंद केली होती आणि ते बिचारे अंगणात पडले होते. आणि तेव्हा कुठे, तुम्हाला सांगतो, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. टाकीवर तो कागद कोणी चिकटवला होता? मी म्हटलं, 'म्हणजे ती शेपटी...'

'आधी ते नाव बदला तुमचं. सगळा ग्रुप विचारतोय कोण हा माणूस.'

'आणि ही पिशवीची टूम काढली कोणी?'

'मीच. नवीन माणसं येतात आणि आल्या आल्या धडाधड बोलायला लागतात, जुनी माणसं दचकतात. आणि जुनी माणसं एकदम अंगावर धावतात, मग नवीन दचकतात. म्हणून.' पलीकडून लेकीच्या घरातला पंखा ऐकू येत होता. मग म्हणाली, 'आणि मी बोलते हो तुमच्याशी. तुमचं नाव घेऊनच सांगत असते त्याला सगळं. तुम्ही खाली असता.'

समोर टाकीत, जणू काही आमचं बोलणं संपायची वाट बघत होते, असे भाऊसाहेब उठले. उठले म्हणजे एकदम सरळ झाले, मिशा हलवल्या, 'टक्' असा एक बारीक आवाज केला, म्हणजे मासा आवाज करतो हे मला आत्ता या वयात कळलं, आणि माझ्याकडे असं बघितलं की माझीही बदली होणार. मी हिला सांगितलं, उठला. ती म्हणाली, 'भूक लागली असेल. चिमूटभर घाला, जास्त नाही.' आणि मग, 'रडताय का?' म्हटलं, छे. टाकीतलं पाणी उडालं.

मग मी हात पुसले आणि म्हटलं, बरं, आता तूच ती आहेस तर मला पिशवीतून बाहेर तरी काढ. झालं, ती सरकारी भाषा परत सुरू. 'ओळख अपूर्ण आहे तुमची. टाकीचं माप कुठे लिहिलंय?' अगं, टाकी तुझीच आहे. माप तुला माहीत आहे. म्हणाली, 'नियम सगळ्यांना सारखा. उद्या म्हणतील नवऱ्याला सोडलं.' बाहेर तेवढ्यात गोगलगाय बाईंचं आलं, तासाभरापूर्वीच्या गोष्टीवर, 'या नवीन सभासदांना काही अडचण आहे का?' आणि खाली फिल्टरबुवा, 'फिल्टर बघा.'

लेकीला मुलगी झाली. ही परत आली. आल्या आल्या पाय न पुसता आधी खोलीत गेली, कुंडीचं तोंड तपासलं, मग माझ्याकडे बघितलं. आता मी दुपारी दुकानाला कुलूप लावून वर येतो. ही खुर्चीत, मी लेकीच्या पलंगावर, पडदा ओढलेला, छतावर पाणी हलतंय. ही कधी भाऊसाहेबांशी बोलते, कधी माझ्याशी, आणि बऱ्याचदा नक्की कोणाशी बोलतेय ते मला कळत नाही, मी दोघांच्या वतीने 'हं' म्हणतो. मधेच ती फोनवर कोणा नव्याला लिहिते, 'प्रथम ओळख द्यावी', आणि मी पिशवीत त्याला हळूच लिहितो, 'घाबरू नका, बाई मनाने चांगल्या आहेत.' 'नुसतं पाणी' खाली लिहितात, 'या, इथं शांत असतं.' हो, मी अजून पिशवीतच आहे. माप दिलं, तापमान दिलं, कुंडीचा फोटो पण दिला.

परवा न राहवून विचारलंच मी, म्हटलं, अगं, सोडतेस कधी मला बाहेर? तर टाकीवरची नजर न काढता म्हणते, 'एवढी काय घाई आहे? पाण्याची सवय होऊ दे.' आता बोला. लग्नाला इतकी वर्षं झाली, तुम्हाला सांगतो... अजून सवयच चाललीये. आणि शेजारी भाऊसाहेब आडवे.